फोल्डालचं दहावं विमान

सेल्मर हाउगडालला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळायचं. काउंटीच्या जत्रेत लाकडी घोड्यांचा पाळणा फिरायचा, तो नुसता बघूनही त्याला एकदा बाकावर टेकावं लागलं होतं. अशा माणसाला गावानं विमानतळ समितीचा चिटणीस केलं, यात गावाची काही चूक नाही आणि सेल्मरचीही नाही. चूक असलीच तर आमच्या रीतीची.

रीत अशी की फोल्डालमध्ये कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा म्हणायचं, "नको, आत्ताच झाली." दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, "उगाच कशाला त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की मान जराशी कलती करून म्हणायचं, "बरं, अर्धा कप." मग काठोकाठ भरलेला कप समोर येतो आणि दोघांनाही बरं वाटतं. पहिल्या खेपेलाच "हो" म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा कंजूष. आमच्या आजोबा-पणजोबांनी नॉर्वेहून डकोटाच्या या सपाट मैदानात येताना ट्रंका भरभरून जे आणलं ते आता शाळेच्या कपाटात काचेमागे आहे. ही रीत मात्र रोजच्या वापरात राहिली.

चर्चच्या तळघरात समितीची बैठक झाली तेव्हा "चिटणीस होणार का" असं सेल्मरला विचारलं. तो दोनदा नको म्हणाला आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून म्हणाला. पण दोनदा नको म्हणणं म्हणजे होकाराची तयारी, हे सगळ्यांना ठाऊक. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात बिस्किट होतं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

विमानतळ हा शब्दही तसा मोठाच. गावाच्या कडेला, हाउगडालांच्या आणि शेजारच्या मर्टल एंगेनच्या परसाला लागून गवताची एक लांब पट्टी होती, तिच्या टोकाला पत्र्याची एक शेड आणि खांबाला लावलेली, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. ही पट्टी सेल्मरच्या बायकोच्या, आर्डिसच्या भावानं केलेली. मिल्टन ओडेगार्ड लढाईहून परत आला तो एक पिवळं दोन माणसांचं विमान घेऊन, आणि त्यानं स्वतःच्या ट्रॅक्टरनं काउंटीची पडीक जमीन सपाट करून तिच्यावर गवत पेरलं. बावन्न सालच्या हिमवादळात मर्टलला कळा सुरू झाल्या तेव्हा रस्ते बुजलेले होते, मिल्टननं तिला विमानात घालून इस्पितळात नेलं. मिल्टन गेल्यावर पट्टीला त्याचं नाव दिलं. त्याचं पिवळं विमान शेडमध्ये ठेवलं ते तिथंच राहिलं.

चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये राज्याच्या विमान कचेरीचं पत्र आलं. सेल्मर भूगोलाचा निवृत्त मास्तर, त्यामुळे कुठलंही पत्र तो उभ्यानं आणि मोठ्यानं वाचायचा. राज्यातल्या प्रत्येक विमानाची दरवर्षी राज्याकडे नोंदणी व्हायची आणि त्या नोंदणीच्या पैशातूनच गावोगावच्या धावपट्ट्यांना मदत मिळायची, हे जुनंच होतं. नवं एवढंच की ज्या पट्टीवर दहा नोंदलेली विमानं नाहीत ती तीस जूननंतर यादीतून गळणार. दहा असतील तर मात्र नुसती यादीच नाही, डांबरही मिळणार. खात्री करायला कचेरीचा माणूस येऊन जाईल.

फोल्डालला नऊ विमानं होती. सेल्मरनं तीनदा मोजली, बोटांनीही मोजली.

यादीतून गळाल्यावर काय होणार ते कुणाला सांगायला नको होतं. पट्टीची जमीन काउंटीकडे परत जाणार, काउंटी ती विकणार आणि मिल्टनच्या धावपट्टीवर बीट पिकणार. आर्डिसनं त्या दिवशी खिडकीशी उभं राहून वाऱ्याच्या पिशवीकडे बघत एकच ताटली चार वेळा पुसली.

"दहावं आहे की," मर्टल कुंपणावरून म्हणाली. "शेडमध्ये."

हे सेल्मरच्याही मनात आलं होतं आणि त्यानं ते ताबडतोब मनातून घालवलं होतं. कारण त्यात एक भानगड होती. जे विमान उडत नाही त्याची नोंदणी करावी लागत नाही, मात्र तसं दरवर्षी एका चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. चिठ्ठीवर तीन चौकोन होते: दुरुस्तीत, साठवणीत आणि भंगार. पहिल्या दोहोंना कारण लिहून जोडावं लागे, तिसऱ्याला काहीच नाही. मिल्टनचे कागद सेल्मरच बघायचा. आयुष्यभर त्यानं मुलांना नीटनेटकेपणा शिकवला होता आणि नीटनेटका माणूस कागद वाढवत नाही. त्यानं सहा वर्षं तिसऱ्या चौकोनात फुली मारली होती.

आर्डिसनं जुनी फाइल काढली आणि तिला त्या सहा फुल्या सापडल्या.

आमच्या गावात बायका नवऱ्यावर ओरडत नाहीत. आर्डिसनं जेवण वाढलं आणि बटाट्यांचं भांडं पुढे करून विचारलं, "अजून घेणार?"

"नको," सेल्मर सवयीनं म्हणाला.

"बरं," म्हणून आर्डिसनं भांडं उचलून आत नेलं.

सव्वीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. सेल्मर रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. आठवडाभर असंच चाललं. त्याचा पट्टा एक भोक आत गेला. अखेर शनिवारी तो म्हणाला की तो कचेरीला लिहितो, विमान भंगार नाही म्हणून. आर्डिसनं भांडं परत टेबलावर ठेवलं आणि तीनदा विचारलं.

पण कागदावर मेलेलं विमान जिवंत करणं सोपं नसतं. कचेरीनं कळवलं की भंगार म्हणून लिहून दिलेल्या विमानासाठी पुनर्नोंदणीचा वेगळा अर्ज असतो आणि त्यावर मालकाची सही लागते. सेल्मरनं अर्ज भरून मालक वारल्याचं समासात लिहिलं. कचेरीतल्या ज्या बाईनं तो वाचला तिनं बहुधा समास वाचला नाही. उलट टपाली मिल्टन ओडेगार्ड यांना पत्र आलं की आपली सही राहिली आहे, सवडीनं ओळखपत्र घेऊन समक्ष यावं. त्याला आर्डिसनंच उत्तर लिहिलं. माझा भाऊ सहा वर्षांपूर्वी वारला असल्यामुळे त्याला येणं जमणार नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. त्याची वारस मी आहे आणि मला केव्हाही जमेल. पुढचं पत्र तिच्या नावानं आलं आणि त्यात तिळाएवढ्या अक्षरांत माफीही होती.

आता राहिलं विमान. सरकारी परवाना असलेला मेकॅनिक गावात एकच, ऑर्लिन बाकेन. उन्हाळ्यात तो पिकांवर औषध फवारायचा, हिवाळ्यात इंजिनं दुरुस्त करायचा आणि बाराही महिने कमी बोलायचा. त्यानं शेडमध्ये विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, कापडी पंखात बोट घातलं, ते आरपार गेलं. मग त्यानं नाकाडाचं झाकण उचललं आणि हळूच परत ठेवलं.

"इंजिनावर पाकोळ्यांचं घरटं आहे. चार अंडी."

सेल्मर म्हणाला, घरटं उचलून शेजारच्या खोक्यात ठेवू. दारात उभी असलेली आर्डिस म्हणाली की आधी पिल्लं उडतील, मग विमान. ऑर्लिननं दोघांकडे पाहिलं आणि तो कॉफी प्यायला गेला, अर्थात तिसऱ्यांदा विचारल्यावर.

तोवर पंखांचं काम काढलं. त्यांना नवीन कापड शिवायचं होतं आणि आमच्या चर्चच्या गोधडी मंडळाइतकं बारीक शिवणारं त्या भागात कुणी नव्हतं. अकरा बायका शेडमध्ये पंखाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडून बसल्या. ऑर्लिननं टाक्यांचं अंतर सांगितलं, तेव्हा एकीनं अगदी गोड आवाजात विचारलं की एवढे दूर टाके ऑर्लिनच्या आईच्या गोधडीत असायचे का? शेवटी सरकार सांगतं त्याच्या निम्म्या अंतरावर टाके पडले. ऑर्लिन म्हणाला, बाकीचं विमान तुटेल, हे पंख तुटायचे नाहीत.

रंग आणण्याचं काम सेल्मरनं अंगावर घेतलं, कारण रंगाला उडावं लागत नाही. पंखांचा रंग ऑर्लिनकडे होता, लिंबासारखा पिवळा. नाकाडाचा पत्रा राहिला. सेल्मरला शाळेच्या गोदामात एक डबा सापडला, त्यावर 'पिवळा' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. नाकाड रंगवून झाल्यावर कळलं की तो शाळेच्या बसचा पिवळा. मर्टल ते बघायला आली.

"वेगळंच दिसतंय हं," ती म्हणाली.

बाहेरच्या माणसाला हे कौतुक वाटेल. फोल्डालमध्ये यापेक्षा कडक शब्द नाही. सेल्मर दोन दिवस कुंपणाकडे फिरकला नाही.

या सगळ्या धामधुमीत आर्डिस मात्र रोज सकाळी कुठंतरी जायची. सेल्मरनं एकदा विचारलं. "डॉक्टरकडे," ती म्हणाली. तो समजला, गुडघे असतील. बायकांच्या गुडघ्यांबद्दल फार चौकशी करू नये एवढं त्याला कळत होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चौथं पिल्लू उडालं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करायचं ठरलं. या विमानाला किल्ली नाही. एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं पुढचा पंखा हातानं फिरवायचा. ऑर्लिननं सेल्मरला सांगितलं, शेपटी कशाला तरी घट्ट बांध. सेल्मरनं भक्कम दोर आणला, मास्तरी गाठ मारली आणि दुसरं टोक जवळच्या खांबाला बांधलं. खांब मर्टलच्या कपडे वाळत घालायच्या दोरीचा होता. सोमवार होता. आमच्याकडे सोमवारी धुणं असतं.

इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. मिल्टनचं इंजिन ते. गाठ उत्तम होती, ती सुटली नाही, खांब सुटला. विमान खांबाला घेऊन निघालं, खांब दोरीला, दोरी मर्टलच्या सहा चादरी आणि तिच्या नवऱ्याच्या लोकरी अंतर्वस्त्रांना, आणि ही वरात रुबार्ब या आंबट भाजीच्या वाफ्यातून थेट पट्टीवर गेली. आत ऑर्लिन होता, त्यानं इंजिन बंद केलं. सेल्मर चिखलातून एकेक चादर गोळा करत असताना मर्टल दारात आली. बावन्न सालच्या उपकाराला ती स्मरली असावी. "हरकत नाही," ती म्हणाली, "नाहीतरी परत धुणारच होते."

सत्तावीस जूनला कचेरीचा माणूस आला. त्याचं नाव डिसाल्व्हो. नोकरीसाठी न्यू जर्सीहून इकडे येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते. बुटका, चटपटीत आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा, जे आमच्याकडे फक्त पाद्री करतो. त्यानं दहा विमानं मोजली, मिल्टनचं इंजिन ऐकलं आणि पंखाच्या टाक्यांवरून हात फिरवून शीळ घातली. मग आर्डिसनं त्याला रुबार्बच्या वड्या विचारल्या.

"नको, मला साखरेचा त्रास आहे," डिसाल्व्हो म्हणाला.

मंडळाच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. माणूस संकोची दिसतो. मर्टलनं दुसऱ्यांदा विचारलं. तो म्हणाला, खरंच नको, डॉक्टरनं मना केलंय. हे जरा सविस्तर होतं, पण रीतीतच बसत होतं. तिसऱ्यांदा कुणी विचारलंसुद्धा नाही. वड्या सरळ ताटलीत वाढल्या, तीन. बिचाऱ्यानं एक खाल्ली आणि घड्याळात पाहिलं.

मग त्यानं कागद काढला. सेल्मर ताठ झाला. या क्षणासाठी त्यानं लग्नातला कोट घातला होता.

"हं, तर यादीत राहायचं आणि डांबर हवं, असं धरू का? मग इथं सही करा."

"डांबर?" सेल्मर म्हणाला. "छे हो. आमचं गवतावर भागतं."

डिसाल्व्होनं वर पाहिलं. "म्हणजे यादी, मदत, काहीच नको?"

"उगाच आमच्यासाठी कशाला त्रास," सेल्मर म्हणाला आणि त्यानं मान जराशी कलती केली.

सगळी शेड तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभी होती. डिसाल्व्होनं कागदावर काहीतरी लिहिलं, फाइल मिटली आणि सेल्मरचा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. तो म्हणाला, मी राज्यभर फिरतो, लोक पैशासाठी माझी कॉलर धरतात. गरज नाही असं स्वतःहून सांगणारं गाव पहिल्यांदा पाहिलं.

तरीही कुणी घाबरलं नाही. आमच्याकडे निरोप घ्यायला अर्धा तास लागतो. थोडं दारात, थोडं गाडीशी, आणि गाडीची काच खाली करून उरलेलं. तिसरा प्रश्न गाडीशी येईल असं सगळ्यांनी धरलं. डिसाल्व्हो गाडीत बसला, हात हलवला आणि गेला.

"त्यानं तिसऱ्यांदा विचारलंच नाही," सेल्मर म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू नाही म्हणालास," आर्डिस म्हणाली. "माझ्या भावाच्या पट्टीला."

वर्गात नकाशा उलटा टांगला गेल्यावर जसा चेहरा व्हायचा तसा सेल्मरचा झाला होता. कुणीतरी म्हणालं, त्याला पुढे वेल्बीची पट्टी बघायची आहे आणि तिथून तो थेट राजधानीला जाणार. वेल्बीच्या पट्टीवर फोन नाही. गाडीरस्ता तळ्याला वळसा घालून चाळीस मैल, आणि त्याला निघून पाव तास झाला. तळ्यावरून सरळ गेलं तर पंधरा मैल. पण तळ्यावरून सरळ जातात ती बदकं, असं सेल्मर म्हणणार होता. तेवढ्यात शेडमधून आर्डिसची हाक आली.

"सेल्मर, पुढच्या जागेवर बस."

"मी?"

"चिटणीसाची सही लागते."

ती विमानात मागच्या जागेवर बसली होती, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. सेल्मर आधारासाठी पंखाचा दांडा धरून म्हणाला की ऑर्लिनला बसायला जागा कुठं उरली.

"ऑर्लिन पंखा फिरवतोय," आर्डिस म्हणाली.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. या विमानात चालवणारा मागेच बसतो. लग्नाआधी मिल्टननं तिला उडायला शिकवलं होतं, हे त्याला ऐकून माहीत होतं, जसं एखाद्याची बायको पूर्वी गात असे हे माहीत असतं. डॉक्टरकडे ती गेली होती खरी, पण गुडघ्यांसाठी नाही. वैमानिकाला लागतो तो दाखला आणायला. आणि मग सकाळ-सकाळ ऑर्लिनच्या विमानात बसून तिनं हात साफ करून घेतला होता.

"मला सांगितलं नाहीस," तो पट्टा बांधत म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. कुठं जातेस म्हणून."

"एकदाच विचारलंस," आर्डिस म्हणाली.

मग इंजिन सुरू झालं आणि बोलणं थांबलं. त्या पंधरा मैलांत सेल्मरनं काय पाहिलं ते त्याला सांगता येणार नाही, कारण डोळे त्यानं तळं संपल्यावर उघडले. मळमळ अनावर झाल्यावर त्याच्या हॅटचं काय झालं तेही इथं लिहायला नको. चांगली हॅट होती. एक मात्र त्याला आठवतं. मागून आर्डिस इंजिनाच्या वर आवाज चढवून काहीतरी सांगत होती. "मिल्टननं मला विचारलं होतं, शिकणार का म्हणून," ती म्हणत होती. "मी नको म्हटलं. परत विचारलं, परत नको म्हटलं. पण तो तिसऱ्यांदा विचारायचा, सेल्मर. प्रत्येकाला. त्या वादळात मर्टललासुद्धा."

वेल्बीच्या पट्टीवर विमान टेकलं तेव्हा डिसाल्व्होची गाडी नुकतीच फाटकातून आत येत होती. सेल्मर उतरला आणि थेट गाडीपर्यंत गेला. डिसाल्व्होनं काच खाली केली.

"हो," सेल्मर म्हणाला.

"मी काही विचारलं नाही."

"तरी हो. यादी, डांबर, सगळंच. हो."

डिसाल्व्हो म्हणाला, तासाभरापूर्वी तुम्ही दोनदा नाही म्हणालात. सेल्मर म्हणाला, दोनदाच ना? आणि मग गाडीच्या दाराला धरून त्यानं फोल्डालची रीत पहिल्यापासून समजावून सांगितली, कपाच्या काठापर्यंत. डिसाल्व्होच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"म्हणजे त्या वड्या..."

"आम्हाला वाटलं, तुम्ही लाजताय."

डिसाल्व्हो इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. मग त्यानं फाइल उघडून मघाचं लिहिलेलं खोडलं आणि सेल्मरनं सही केली. फाइलीत तळाशी त्या सहा चिठ्ठ्या होत्या. डिसाल्व्होनं वरच्या चिठ्ठीतल्या फुलीकडे पाहिलं, मग गवतावर उभ्या असलेल्या त्या दोन रंगांच्या पिवळ्या विमानाकडे, मग रुमाल सोडणाऱ्या आर्डिसकडे. या विमानाच्या अवस्थेबद्दल आता काय लिहू, असं त्यानं तिला विचारलं.

"उडतं, असं लिहा," आर्डिस म्हणाली.

त्यानं तसंच लिहिलं. पंखा फिरवायला तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कोट काढून तोच पुढे झाला.

सेल्मर विमानापासून दहा पावलांवर उभा होता. काम झालं होतं, पट्टी राहिली होती. त्याला आता पायाखाली जमीन असलेला, चार चाकांचा, सावकाश जाणारा प्रवास हवा होता. समोरचं तळं फारच मोठं दिसत होतं. आर्डिसनं त्याचा चेहरा बघितला असणार, कारण ती आपल्या जागेवर चढता चढता थांबली.

"हवं तर ऑर्लिनला गाडी घेऊन पाठवते," ती म्हणाली. "येईल तासाभरात. पाठवू?"

"छे, नको," सेल्मर म्हणाला. "उगाच कशाला त्याला त्रास."

आणि त्यानं मान जराशी कलती केली.

"बरं," आर्डिस म्हणाली आणि पुढच्या जागेचं दार त्याच्यासाठी उघडून धरलं.